बंद कर

एर्वे दुबोस्कने खांद्यावरचा पट्टा खाली ओढला, पण कडी खाचेत बसेना. शेजारच्या आसनावर सोलांज लारियू, कंपनीची चाचणी-वैमानिक, इंजिन सुरू करून वाट पाहत होती. समोर मांडवात परदेशी सेनाधिकारी, मंत्रालयातली माणसं आणि पत्रकार बसले होते. हेलिकॉप्टरमधलं बोलणं त्यांना कर्ण्यांवरून ऐकवलं जात होतं.

हेलिकॉप्टर बनवणाऱ्या वेरदाल कंपनीत एर्वेची हयात गेली होती. ओलोरोन गावच्या रेल्वे फाटकवाल्याचा हा मुलगा यंत्रांची कंपनं मोजणारा इंजिनिअर म्हणून लागला. पुढे विक्री सांभाळली, वाळवंटातल्या राजवाड्यांत गोड चहा पीत करार केले आणि शेवटी कंपनीचा प्रमुख झाला. मग गेल्या शरदात याच जातीचं एक हेलिकॉप्टर पिरेनीजच्या डोंगरांत कोसळलं. दोन सैनिक गेले. चौकशीने दोष हवामानाला दिला. दफनाच्या वेळी एकाच्या आईने एर्वेची बाही धरून विचारलं होतं, "तुम्ही स्वतः बसाल का हो त्यात?"

"बसेन," तो म्हणून गेला होता. पत्रकारांनी ते उचललं, म्हणूनच आज तो या आसनावर होता.

माथ्यावर गिअरबॉक्स घुमत होता. या आवाजावर त्याचे कान मुरलेले. त्यात मध्येच काहीतरी घासतंय असं त्याला वाटलं. की स्वतःचंच रक्त कानांत धडधडत होतं?

"निघू या, साहेब?"

"थांब जरा. तुला काही ऐकू येतंय?"

"तुमचा श्वास. लोहाराचा भाता नुसता."

मांडवात हशा पिकला. एर्वेने घाम पुसला.

"बंद कर," तो म्हणाला.

पाती थांबायच्या आत कंपनीच्या संचालक मंडळाचे अध्यक्ष, काँस्तां ब्रिसाक, वाकून धावत आले.

"एर्वे, तमाशा करू नकोस. एक चक्कर मारून ये. काय भ्यायचंय ते घरी जाऊन भी!"

"गिअरबॉक्स उघडायचे. सगळ्यांचे. तोवर यातलं एकही उडणार नाही."

"पण का? पुरावा काय?"

"मला भीती वाटतेय."

कर्णे अजून चालूच होते. मांडवात आता कुणी हसलं नाही.

त्याच आठवड्यात त्याला पायउतार व्हावं लागलं. पण त्याचा हुकूम सेनाधिकाऱ्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकला होता. तो मागे घेणं कुणालाच जमेना. वर्तमानपत्रात व्यंगचित्र आलं: हेलिकॉप्टरखाली दडलेला ससा. बायकोने, मिरेईने, ते भाजीच्या टोपलीखाली सारलं.

"बघितलंय मी," एर्वे म्हणाला. "कान झकास काढलेत."

महिन्याभराने सोलांजचा फोन आला.

"सगळे उघडून पाहिले, साहेब. काही नाही सापडलं. चाकांचे दाते आरशासारखे गुळगुळीत आहेत."

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"म्हणजे मी नुसताच घाबरलो."

"उद्या सकाळी मी उडवतेय," ती म्हणाली.

सकाळी तो विमानतळावर गेला. ओळखपत्र काढून घेतलेलं, म्हणून कुंपणाबाहेरच उभा राहिला. हेलिकॉप्टर वर चढलं, डोंगराकडे वळलं, ठिपक्याएवढं झालं. एर्वेने जाळीत बोटं अडकवली. आवाज निर्मळ होता. ते परतून गवतावर टेकलं, तेव्हा जाळी सोडायला त्याला बोटं एकेक करून उकलावी लागली.

हेल्मेट काखेत धरून सोलांज कुंपणापाशी आली.

"घासल्यासारखं ऐकू आलं काही?" तिने विचारलं.

"नाही. पण भीती तेवढीच वाटली."

तिने मान हलवली आणि पलीकडच्या गवतात मटकन बसली. बुटाच्या नाडीशी चाळा करत राहिली.

"त्या दिवशी तुम्ही 'बंद कर' म्हणालात ना," ती वर न बघता म्हणाली, "तेव्हा माझा हात आधीच इंजिन बंद करायच्या बटणावर गेला होता."