चरा माझ्या अंगावर नव्हता

मी एका जुन्या पलंगाचा पाय आहे. पलंग आता नाही. मित्रांनो, असा एकटा उरलेला पाय सहसा चुलीत जातो. मी गेलो नाही. ज्या कामासाठी वाचलो, त्याचा मला अभिमान आहे.

आधी जन्म. साग. अथालच्या सुताराने खरादावर फिरवलं, गोल केलं, गुळगुळीत घासलं. संपला जन्म. लाकडाचं बालपण यापेक्षा मोठं नसतं.

पहिली नोकरी. नरोलीच्या एका चाळीत केसरबाईंचा पलंग उचलून धरणं. केसरबाई शहाद्याकडच्या, मुलाला इथे सूत कंपनीत काम मिळालं म्हणून आलेल्या. त्या पलंगावर दिवसा एक कामगार झोपे, रात्री दुसरा. पाळ्या वेगळ्या, पलंग एकच. शेवटी तो मोडला. माझे तिघे भाऊ सरपण झाले. मी दाराला टेकण.

दुसरी नोकरी. ही खरी.

जया नावाची आरोग्य कार्यकर्ती चाळीत यायची. बायकांना जमवून कंडोम कसा वापरायचा ते दाखवायची. दाखवायची स्वतःच्या दोन बोटांवर. बायका पदरात तोंड खुपसून हसायच्या.

"बोटावर काय दाखवते वं, माय?" केसरबाई म्हणाल्या. त्यांनी मला दाराखालून उपटलं. "हा घे. पलंग मोडला माझा, पण याला काही झालं नाही."

असा हशा उठला की शेजारच्या खोलीत रात्रपाळी करून झोपलेला माणूस जागा होऊन ओरडला, "ओ, बंद करा ना गोंधळ!"

जयाने मला पॉलिश पेपरने पुन्हा घासलं आणि पिशवीत घातलं. तेव्हापासून मी शिक्षक. कितीजणी शिकल्या माझ्यावर! पाकीट दातांनी फाडायचं नाही. टोक चिमटीत धरून हवा काढायची, मग तळापर्यंत उलगडायचं. एक कंडोम एकदाच. गोळीने दिवस राहत नाहीत, पण आजार थांबत नाही. हा दोन्ही थांबवतो. हे सगळं जया बोलायची. मी उभा राहायचो. उभं राहणंही काम आहे, मित्रांनो.

मग मे महिना. दुपार. कावेरी.

कावेरी समोरच्या खोलीतली. पहिल्या बाळंतपणात इतकं रक्त गेलं की बाटल्या चढवाव्या लागल्या. तीन वर्षं पुन्हा दिवस जाऊ देऊ नका, जिवावर बेतेल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. मूल आता कुठे रांगत होतं.

"मी घरचंच आणलंय ताई," ती म्हणाली. पाकीट उघडलं, माझ्यावर चढवायला गेली.

फाटला.

दुसरा काढला. तोही फाटला.

"लाकडाचा चरा लागला असंल," मागून कोणी म्हणालं. केसरबाईसुद्धा माझ्याकडे संशयाने पाहू लागल्या. एवढा अपमान चुलीतही झाला नसता.

जयाने मला हातात घेतलं. माझ्या अंगावरून तळहात फिरवला. पिशवीतलं नवं पाकीट उघडून कंडोम माझ्यावर चढवला. अखंड. ताणून पाहिलं. अखंड.

"कावेरी, तू पाकिटं ठेवतेस कुठे?"

"वर, पत्र्याखालच्या फटीत. यांचे मावसभाऊ आहेत ना, भिकाभाऊ, ते दिवसा खोलीत झोपतात. त्यांना दिसायला नको."

"मे महिन्यातल्या पत्र्याला हात लावून बघ. त्या उष्णतेने रबर खराब होतं. आणि तेलबिल लावता का?"

"खोबरेल," कावेरी अगदी हळू म्हणाली.

"तेलाने तर लवकर फाटतं."

कावेरीचा चेहरा उतरला. "म्हणजे ताई... परवा रात्रीपण फाटला होता. हे म्हणाले, काही नाही होत."

मागे बसलेल्या बायका पुढे सरकल्या.

"अजून वेळ गेलेली नाही," जया उठत म्हणाली. "तीन दिवसांच्या आत घ्यायची गोळी असते. पण जितकी लवकर तितकी बरी. चल."

"आत्ता? आणि बाळ?"

"मी आहे ना," केसरबाईंनी मूल कडेवर घेतलं. "जाय तू, पोरी."

पिशवीतून मीही गेलो. नीलेशला, कावेरीच्या नवऱ्याला, कंपनीच्या गेटवरून बोलावून घेतलं. दवाखान्यात तो भिंतीकडे तोंड करून उभा होता. डॉक्टरीणबाईंनी बाळ अंगावर पितं का ते विचारून कावेरीला गोळी दिली. मग दोघांचीही रक्ततपासणी करून घ्या म्हणाल्या.

"मला कशाला?" नीलेश म्हणाला.

"फाटलेला कंडोम मूल अडवत नाही, तसा आजारही अडवत नाही. आणि ही तपासणी दोघांनी मिळून करायची असते."

तो भिंतीपासून वळला. शर्टाची बाही वर केली.

रिपोर्ट चांगले आले. पण दिवस राहिलेत की नाही हे कळायला तीन आठवडे थांबावं लागलं. त्या काळात कावेरी हसली नाही. नीलेश कामाची पाळी सुटली की थेट घरी यायचा आणि मूल घेऊन बसायचा. शेवटी ती तपासणीची पट्टी घेऊन बाहेर आली. एकच रेघ, म्हणजे दिवस राहिले नव्हते. तिने आधी ती नवऱ्याला दाखवली आणि मगच रडली.

पुढच्या रविवारी नीलेशने स्वतः जयाकडे मला मागितलं. खोलीत कंपनीतले पुरुष जमले होते. तो मला हातात धरून उभा राहिला. भिका खो खो हसला. "सुपरवायझर झाला का रे पलंगाचा?"

"हस, भाऊ. तुझं कंडोमचं पाकीट कुठे असतं ते सांग."

भिकाने मोठ्या ऐटीत मागच्या खिशातलं पैशांचं पाकीट काढलं. त्यातून घडी पडलेलं, घासून पांढरं झालेलं एक पाकीट निघालं. नीलेश हसला नाही. "टाक ते, खिशात घासून रबर खराब होतं," म्हणाला, आणि नवं दिलं. "माझी बायको थोडक्यात वाचली."

त्यानंतर कोणी हसलं नाही. प्रश्न मात्र पुष्कळ विचारले.

मित्रांनो, मला पॉलिश नको, कपाट नको. मी सागाचा आहे, मला कुठलीही लागण होत नाही. तुम्ही हाडामांसाचे आहात. पाकीट थंड जागी ठेवा, त्यावरची तारीख वाचा. आणि कधी फाटलंच, तर "काही नाही होत" म्हणून कूस बदलून झोपू नका. जिच्या शेजारी झोपता, तिला उठवा आणि सकाळी दोघं मिळून दवाखान्यात जा.