चार बोटं खाली

डॉक्टरीणबाईंनी चंद्रभागेचा एक्सरे उजेडात धरला आणि सांगितलं, "गुडघे झिजलेत. उकिडवं बसणं आजपासून बंद. मासळी स्टुलावर बसून विका. नाहीतर उद्या बाजारापर्यंतसुद्धा पोचता येणार नाही."

त्यांचं काय जातं सांगायला! ठाण्याच्या त्या बाजारात कोळणींच्या रांगेत थोरल्या बाईपेक्षा उंच कुणी बसायचं नाही, अशी रीत. थोरली म्हणजे सरोजमावशी. ती बसायची पाटावर, जमिनीला टेकून. नवरा गेला तेव्हा चंद्रभागेला याच मावशीने आपल्या शेजारी जागा दिली होती. आता तिच्या डोक्यावर बसायचं? मुलाने, प्रणितने, लाकडी स्टूल आणून दिलं, ते हिने मासळीच्या पाट्यांमागे दडवलं. संध्याकाळी खांबाला धरून उठताना डोळ्यांत पाणी यायचं.

पुढच्या खेपेला दवाखान्यात ही गर्दी. कुणाचा खांदा, कुणाची कंबर, कुणाची टाच, आणि जो तो आपलंच दुखणं मोठं करून सांगतोय. बाकाच्या टोकाला एक बाई तोंडावर पदर ओढून बसली होती. पदर ओळखीचा निघाला.

"मावशी, तू?"

"बाजारात बोलू नको गो," सरोजमावशी पुटपुटली. "दोन वर्सं गुडघे धरलेत. खुर्ची घेतली तर बाया म्हणतील, म्हातारी दमली. पण तू स्टूल कशाला दडवलंस? दिसतं मना."

"तुझ्यापेक्षा उंच कशी बसू?"

मावशी चंद्रभागेच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "माझ्या मानापायी तुझी हाडं झिजवली मी."

दुसऱ्या दिवशी मावशी स्टूल घेऊनच आली आणि सगळ्यांदेखत बसली. रांग बघत राहिली. चंद्रभागेनेही आपलं बाहेर काढलं, शेजारी ठेवलं, तर ते मावशीच्या स्टुलापेक्षा दोन बोटं उंच! ती उभीच राहिली. गुडघे ठणकत होते, तरी तिने प्रणितला फोन लावला, "करवत घेऊन ये."

"आई, डॉक्टरांनी उंची सांगितलीय."

"डॉक्टरीण आपल्या रांगेत बसते का?"

प्रणितने कपाळाला हात लावला आणि स्टुलाचे चारी पाय चार-चार बोटं कापले. चंद्रभागा टेकली. दुखलं, पण उकिडवं बसून दुखायचं तेवढं नाही. कित्येक महिन्यांनी तिला बरं वाटलं.

सरोजमावशीने खाली पडलेले लाकडाचे तुकडे बघितले. एक उचलून हातात फिरवला.

"दोन बोटं पुरली असती गो," ती म्हणाली. "मान माझा, पण गुडघे तुझे हायेत."