दोन्ही टोकांची जोडणी

"आवाज सुधारा, नाहीतर माणूस बदलू," असं मॅनेजर तोंडावर म्हणाला आणि माझं डोकंच सटकलं. माणूस म्हणजे माझी थोरली बहीण. एकोणीस वर्षं ती या बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करते. गेलं वर्षभर कर्ण्यातून तिच्या शब्दांमागे गूंऽऽ अशी घरघर येते, लोकांना काही कळत नाही, गाड्या चुकतात, तक्रारी होतात. आता भरून ठेवलेल्या आवाजाचं यंत्र विकणारा माणूस अकराला येणार होता. यंत्र आलं की ताई घरी.

इथली दुरुस्ती माझ्याकडेच. "अकराच्या आत घरघर काढतो," मी म्हणालो.

"वर्षभर हेच ऐकतोय. ताईंचा गळाच गेला असेल, मान्य करा ना."

"ती गप्प असतानाही घरघर येते, साहेब! कान आहेत ना?"

ताईने घोषणेच्या काचेच्या खोलीतून डोळे वटारले. मी जीभ आवरली.

साडेआठला शिडी लावली. कर्णा उतरवून दुसरा चढवला. घरघर तशीच. अ‍ॅम्प्लिफायर बदलला. तशीच! च्यायला, म्हटलं, आज तू नाहीतर मी. ताईच्या टेबलाखालच्या, माईकचा आवाज पुढे पाठवणाऱ्या विजेच्या छोट्या डब्यातून माईक काढून टाकला, तरी चालूच. मग त्या डब्यातून ऑफिसात येणारी तार अ‍ॅम्प्लिफायरमधून उपटली आणि एकदम शांत. परत लावली, परत गूंऽऽ. म्हणजे खोड तारेत होती.

चाळीस मीटर तार, छताच्या कडेने गेलेली. हातभर हातभर तपासत सरकलो. मान आखडली, नाकातोंडात धूळ गेली, पण तारेला कुठे ओरखडा नाही. पावणेअकराला ताईच्या टेबलाखाली शिरून डबा उघडला आणि खोड दिसली.

अशा तारेवर तांब्याची जाळी असते. दोन्हीकडची यंत्रं अर्थिंगला जोडलेली असली, की जाळी एकाच टोकाला जोडायची. दोन्हीकडे जोडली तर तिच्यातून नको ती वीज फिरते आणि कर्णा घरघरतो. गेल्या वर्षी तार मीच बदलली होती, आणि दोन्ही टोकं पक्की जोडली होती. नियम माहीत नव्हता असं नाही. पण माझा स्वभावच तसा, कडी लावून वर दाराला खुर्ची टेकवणारा. म्हटलं, पक्कं काम होऊन जाऊ दे.

एका टोकाची जाळी तोडली, टेप गुंडाळला. "बोल, ताई."

ती बोलली. शब्द न् शब्द सुटा. फलाटावरच्या माणसांनी माना वर केल्या.

मॅनेजर धावत आला. "झकास! पण वर्षभराच्या तक्रारी ताईंच्या नावावर आहेत. वरच्यांना काय सांगू? ते यंत्रच घ्या म्हणणार."

तार खराब निघाली, असं मी ठोकून देऊ शकलो असतो. कुणाला कळलं असतं? पण नुसत्या तोंडी सबबीवर वरचे विश्वास ठेवणार नव्हते, त्या तक्रारी ताईच्याच नावावर राहिल्या असत्या.

"कागद द्या," मी म्हणालो. "जोडणी माझी, चूक माझी. लिहून देतो."

"मग ताई राहतील, पण इथलं काम तुमच्याकडे राहणार नाही."

"नका ठेवू."

मी लिहीत असताना ताई मागे येऊन वाचत होती, हे मला कळलंच नाही.

"वर्षभर मी गुळण्या करतेय," ती म्हणाली. "दोन डॉक्टर झाले. आणि तू मला सांगत होतास, ताई, जरा मोकळ्या गळ्याने बोल."

"हो."

"मला वाटलं, माझा आवाज संपला. रोज घरी जाऊन रडायचे रे मी."

शरमेने मेल्यासारखं झालं. तिने कागद माझ्या हातातून घेतला, स्वतः मॅनेजरपुढे ठेवला आणि माझ्याकडे न बघता खोलीत जाऊन बसली. अकराची गाडी लागत होती. घसा न ताणता, घरी बोलते तशी, तिने घोषणा केली. मी शिडी खांद्यावर घेऊन फलाटावर उभा राहिलो आणि शेवटच्या शब्दापर्यंत ऐकत राहिलो.