घसरोबा, फाटकी चप्पल आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी वाट आहे आणि सध्या लई वैतागलेली आहे.

छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिणेला, सातारा गावातल्या खंडोबाच्या देवळामागं जे डोंगर दिसतात, त्यांतल्या एकाच्या पाठीवरून मी खाली उतरते. रुंदी म्हणाल तर एक शेळी मावेल एवढी. दोन शेळ्या समोरासमोर आल्या तर एकीनं माघार घ्यावी लागते, आणि शेळ्यांमध्ये माघार घ्यायची पद्धत नाही. त्यामुळं जन्मापासून मी भांडणंच पाहत आले आहे.

मला कुणी बांधलं नाही. माझं भूमिपूजन झालं नाही की कुणी फीत कापली नाही. एका हट्टी शेळीला वरच्या बोरीचा पाला दिसला, ती सरळ निघाली, बाकीच्या तिच्या मागं निघाल्या आणि मी झाले. त्या शेळीला मी आई मानते. पुढं माझ्यावरून सरपणाच्या मोळ्या गेल्या, वरातीची घोडी गेली, एका सरदाराचा हत्तीसुद्धा गेला. तो बूडघाशीवरून घसरला तो थेट पायथ्याशीच जाऊन बसला. त्या खड्ड्यात पावसाळ्यात अजून म्हशी डुंबतात. खोटं वाटत असेल तर शेळ्यांना विचारा.

बूडघाशी म्हणजे माझा सगळ्यात अवघड उतार. तिथला मुरूम इतका सुटा, की शहाण्या माणसानं खाली बसून बूड घासतच उतरावं. हे नाव चंपाबाईनं ठेवलं. चंपाबाई डोंगरावर शेळ्या चारते, एकटीच बडबडते आणि शेळ्यांना सुनांसारखी बोलते. एकदा तिच्या कनवटीचं लिंबू या उतारावर सुटलं, ते संध्याकाळी करमाडच्या बाजारात विकायला होतं.

मग आल्या सायकली. शहरातले ट्रक आणि खड्डे चुकवून कंटाळलेली मंडळी जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरात शिरली. हेल्मेटवाली माणसं पाहून पहिल्या दिवशी शेळ्या घाबरून पळाल्या त्या वेरूळला जाऊन, लेणी बघूनच परतल्या. मंडळी मात्र माझ्यावर खूश! "काय ट्रेल आहे यार!" म्हणायची. मला आधी वाटलं, शिवी देतायत. नंतर कळलं, वाटेलाच ट्रेल म्हणतात. बूडघाशीचंही त्यांनी 'डेव्हिल्स ड्रॉप' केलं. चंपाबाई म्हणाली, "नाव काय बी ठिवा. घासतंय तर तेच!"

या मंडळींत एक रूपाली होती. बीड बायपासकडून भल्या सकाळी यायची. कॉलेजात शिकणारी, बारीक चणीची, पण उतारावर सायकल सोडली की वाऱ्यालाही बाजूला हो म्हणणारी. राज्याच्या संघात निवड व्हावी एवढंच तिच्या डोक्यात. हिवाळ्यात निवड चाचणी होती, आणि सरावाला बूडघाशीसारखा उतार शहराच्या जवळपास दुसरा नव्हता. घसरत्या मुरमावर ब्रेक कधी दाबायचा आणि कधी सोडून द्यायचा, हे तिला मीच शिकवलं. गुरुदक्षिणा म्हणून ती माझ्या अंगावरच्या प्लास्टिकच्या बाटल्या गोळा करून न्यायची.

त्यांच्या गटाचा म्होरक्या इंद्रजीत. त्याची सायकल एवढी हलकी, की वारा सुटला की झाडाला बांधून ठेवावी लागे. एका सकाळी बूडघाशीच्या तोंडावरचा दगड त्याला दिसला नाही. सायकल एकीकडं, इंद्रजीत दुसरीकडं, आणि खांद्याचं हाड मोडलं ते तिसरंच. त्याला खाली पोचवल्यावर रूपाली म्हणाली, "इथं काहीतरी खूण पाहिजे. लांबून दिसेल अशी."

इथंच सगळं बिघडलं, मित्रांनो. दुसऱ्या दिवशी ती घरच्या फाटकाला लावून उरलेला ऑइलपेंट घेऊन आली. रंग कुठला? केशरी! तिनं तो दगड खालून वरपर्यंत मन लावून रंगवला आणि निघून गेली.

दुपारी चंपाबाई आली. तिची काबरी शेळी सकाळपासून हरवली होती, आणि ती नेमकी त्या दगडाला अंग घासत उभी होती. चंपाबाईनं शेळी पाहिली, दगड पाहिला. हातातली काठी खाली ठेवली, पायातली चप्पल काढली आणि म्हणाली, "देवा, इतकी वर्सं हितून जाते, तू दिसला कसा नाय?"

मी ओरडून सांगत होते, अगं, तो फाटकाचा रंग आहे! पण वाटेचं कोण ऐकतं? वाट तुडवायची असते, ऐकायची नसते.

संध्याकाळी हळदीकुंकू लागलं. शनिवारी तेल आलं. त्याच्या पुढच्या शनिवारी नारळ फुटला आणि देवाला नावही मिळालं: घसरोबा. खंडोबाचा धाकटा भाऊ म्हणे, घसरलेल्याला सावरणारा! नवस सुरू झाले. गाडी घसरू नये म्हणून ड्रायव्हर यायचे, परीक्षेत घसरू नये म्हणून पोरं यायची. मग दगडाला पत्र्याचं छप्पर आलं, छपराला भोंगा आला आणि माझ्या अंगावर नारळाच्या शेंड्या, अगरबत्तीचे पुडे, द्रोण यांचा थर बसला. शेळ्या तर कागदी द्रोणावर इतक्या लठ्ठ झाल्या, की एकसुद्धा माझ्यात मावेना.

शेवटी खालच्या वस्तीतले पुंडलिकराव आले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन, त्यातलं एकही न उठणारं. त्यांनी समिती काढली आणि जाहीर केलं, "भक्तांची गैरसोय होते. वरपासून खालपर्यंत सिमेंटच्या पायऱ्या करू."

पायऱ्या म्हणजे माझा शेवट, आणि रूपालीच्या सरावाचाही.

रूपाली धावत त्यांच्याकडं गेली. "काका, तो देव नाही हो. तो रंग मी लावलाय. आमच्या फाटकाचा उरलेला. अजून डबा घरी आहे, दाखवू का?"

पुंडलिकरावांनी तिच्याकडं कौतुकानं पाहिलं. "मला सांग पोरी, रंग लावायची बुद्धी तुला कुणी दिली?"

"कुणी म्हणजे? माझी मीच. इंद्रजीतदादा पडला म्हणून."

"आन् त्याला कुणी पाडलं?"

रूपालीचं बोट दगडाकडं गेलं.

"बघा मंडळी!" पुंडलिकराव भोंग्यातून ओरडले. "घसरोबानं आधी त्याला पाडलं, मग हिला बुद्धी दिली. ही तर पहिली भक्तीण! आणा रे शाल."

आणि रूपालीचा सत्कार झाला. शाल, हार, नारळ, टाळ्या. खोडून काढायला गेलेली पोर हार घालून परत आली. मी एवढी चिडले, की त्या दिवशी माझ्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला एकदा तरी घसरवलं. त्यांनी तोसुद्धा चमत्कार मानला!

पावसाच्या तोंडावर सिमेंट ओतलं गेलं. रूपाली सायकल आडवी टाकून पायऱ्यांच्या वरच्या टोकाशी बसली होती. चंपाबाई तिच्या शेजारी येऊन टेकली.

"मावशी, तुम्ही ते कुंकू लावलं नसतं तर..."

"आन् तू रंग दिला नसता तर?" चंपाबाई फणकारली. मग हळूच म्हणाली, "फाटकाचाच व्हता व्हय गं?"

"फाटकाचाच."

"काबरी त्यालाच अंग घाशीत व्हती, म्हून मला वाटलं..." तिनं डोळ्यांना पदर लावला. रडत होती की हसत होती, ते मला कळलं नाही.

इतक्यात काबरी पहिल्या पायरीपाशी आली. तिनं खूर टेकवला. गुळगुळीत सिमेंटवर तो सरकला. तिनं पुंडलिकरावांच्या नव्याकोऱ्या कामाकडं तुच्छतेनं पाहिलं, पहिल्या पायरीवर लेंड्या टाकल्या आणि वळून तरवडाच्या झुडपांतून सरळ खाली निघाली. बाकीच्या तिच्या मागं निघाल्या.

"शेरडं पायऱ्या उतरत नाईत, बाई," चंपाबाई म्हणाली.

मित्रांनो, त्या क्षणी मला माझी आई आठवली. लोकांना वाटतं, वाट म्हणजे माती. चूक! माती तिथंच सिमेंटखाली गाडली गेली. मी अंग झटकून उठले आणि शेळ्यांच्या मागं गेले. पावसाळाभर त्यांनी मला तुडवलं, रूपालीनं टायरनं दाबलं, आणि हिवाळ्यापर्यंत मी पुन्हा होते तशी झाले. बूडघाशीसुद्धा नवी मिळाली, पहिलीपेक्षा वाईट, म्हणजे सरावाला पहिलीपेक्षा चांगली.

चाचणीत रूपालीची निवड झाली. मला वाटलं, आता तरी कुणी माझं नाव घेईल. चौकात भला मोठा फ्लेक्स लागला: 'घसरोबाच्या कृपेने निवड!' त्यावर रूपालीचा फोटो लहान आणि पुंडलिकरावांचा मोठा. माझा नाहीच.

आता नव्या बूडघाशीच्या तोंडाशीही एक दगड आहे. तिथं खूण हवीच होती, म्हणून रूपाली पुन्हा रंगाचा डबा घेऊन आली. चंपाबाईनं तो हिसकावलाच.

"केशरी नाही मावशी, हिरवा आणलाय."

"हिरवा दिलास तर खुलताबादच्या दर्ग्यातून चादर येईल."

"मग निळा?"

"तर जयंतीला मिरवणूक हितूनच जाईल."

"पांढरा?"

"कुणाची तरी समाधी म्हणतील. अगं, या मुलखात रंग देऊन दगड मोकळा ऱ्हात नाय!"

मग चंपाबाईनं पायातली एक चप्पल काढली. अंगठा तुटलेली, टाच झिजलेली, खिळ्यांनी धरलेली. ती तिनं दगडावरच्या बाभळीला लटकवली. "हिला कुणी हात जोडून दाखवावं!"

खरोखर, कुणी जोडले नाहीत. सायकलवाले चप्पल पाहून सावध होतात, भक्त चप्पल पाहून तोंड फिरवतात आणि शेळ्या निवांत जातात. मला सांभाळायला इतके जण आले, पण कामाला आली ती फाटकी चप्पल.

पण सुख लाभेल तर ती वाट कसली! मागच्या रविवारी शहरातून काही मंडळी स्वच्छता मोहिमेला आली. हातमोजे, टोप्या, फोटो, सगळं होतं. घसरोबाभोवतीच्या शेंड्या, पुडे आणि द्रोण त्यांनी उचलले नाहीत. देवाचं आहे म्हणे. माझी चप्पल मात्र कचरा म्हणून पिशवीत घातली आणि नेली.

दुसऱ्या दिवशी चंपाबाईनं दुसऱ्या पायातली काढली आणि बाभळीला टांगली. तेव्हापासून ती अनवाणी शेळ्या चारते, आणि या मुरमावर अनवाणी चालणं काय असतं ते मला विचारा.

म्हणून मित्रांनो, एक मागणं आहे. मला नाव देऊ नका, पायऱ्या करू नका, माझ्यावरचा एकही दगड रंगवू नका. फक्त डोंगरात याल तेव्हा घरातली एखादी जुनी चप्पल घेऊन या. धड असेल तर चंपाबाईला द्या. फाटकी असेल तर मला.