कागदावर माझे नाव जलछत्र होते

त्या टेम्पोत सात वस्तू होत्या: झेंड्यांचे चार गठ्ठे, दोन कर्णे आणि मी. पाण्याचे पिंप एकही नव्हते.

मित्रांनो, मी दीड टनाचा एसी आहे. सध्या कोलकात्यात खिदिरपूरच्या गोदीजवळ, जुन्या सामानाच्या एका गोदामात भिंतीला टेकून पडलो आहे. जाळीवर धूळ साचली आहे. तांब्याच्या नळ्या कुणीतरी कापून नेल्या. मला तीन वर्षेही झालेली नाहीत, पण आता मला नवा कुणी म्हणणार नाही.

कारखान्यात माझ्या नळ्यांत दाबाने वायू भरून त्या पाण्यात बुडवल्या होत्या. एकही बुडबुडा आला नाही, म्हणून मला पास केले. माझे शरीर दोन भागांचे: एक भाग खोलीत, दुसरा बाहेरच्या भिंतीवर. मी थंडी तयार करत नाही. आतली उष्णता उचलतो आणि रस्त्यावर टाकतो. तसे करताना हवेतली वाफ माझ्या गार नळ्यांवर जमते आणि पाणी होऊन ठिबकते. याच शहरातल्या बेहाला भागाच्या दमट हवेत दिवसाला दहा-बारा लिटर. यात गूढ काहीच नाही.

त्या टेम्पोने मला बेहाल्यात आणले ते गुरुदत्त यांच्या घरी. आजोबांच्या काळापासून हे मराठी कुटुंब कोलकात्यात होते. वस्तीत सगळे त्यांना गुरूदा म्हणत. त्या वर्षी ते निवडणुकीला उभे होते आणि लोकांनी प्रचारासाठी वर्गणी दिली होती. त्याच वर्गणीतून मी आलो आणि त्यांच्या झोपण्याच्या खोलीत बसलो.

पहिल्या दिवशी माझे खूप कौतुक झाले. त्यांच्या पत्नी मंजुषाताई डोळे मिटून माझ्यासमोर उभ्या राहिल्या. हिशेब पाहणारे भालचंद्रकाका मात्र दारातच थांबले. ते बँकेतून निवृत्त झालेले, वर्गणीच्या वहीवर त्यांची सही असे.

"गुरू, प्रचार आता पलंगावरून करायचा का?" त्यांनी विचारले.

"उमेदवार टिकला तर प्रचार टिकेल, काका. या, बसा. गार वाऱ्यात तुमचाही राग उतरेल."

इथे पाणपोईला जलछत्र म्हणतात. मग गुरूदांनी मंडपवाल्या श्यामसुंदरचे बिल काढून मोठ्याने वाचले. "जलछत्र, बेहाला चौरस्ता. पिण्याच्या गार पाण्याची सोय, यंत्रासह. नग एक." आणि माझ्याकडे बोट दाखवून ते हसले. "हे बघा तुमचं जलछत्र!"

काकांनी मान खाली घालून ती ओळ वहीत उतरवली.

या शहरात माणसाला दोन नावे असतात. घरात हाक मारायचे ते डाकनाम, कागदावर लिहायचे ते भालोनाम. पुष्कळांना शाळेत नाव घातल्यावर कळते की आपल्याला आणखी एक नाव आहे. मलाही तसेच त्या दिवशी कळले. घरात मी एसी होतो. कागदावर मी पाणी होतो.

पुढच्या रविवारी मिरवणूक निघाली. पारा चाळीसवर होता. माझ्या बाहेरच्या भागाने सगळे पाहिले. गुरूदा काचा लावलेल्या गाडीत होते. मागून तीनेकशे माणसे चालत होती. सर्वांत पुढे झेंडा घेऊन यामिनीदी होत्या. पंधरा वर्षे त्या गुरूदांच्या प्रत्येक मिरवणुकीत चालत आल्या होत्या. माझ्याखाली येऊन त्या थांबल्या. माझी गरम हवा थेट त्यांच्या डोक्यावर जात होती. मला ती वळवता येत नाही.

त्यांनी माझ्या नळीखाली ओंजळ धरली.

मंजुषाताई खिडकीतून ओरडल्या, "अगं, पिऊ नकोस ते! एसीचं पाणी आहे!"

"मग पिण्याचं कुठाय, बौदी? गुरूदा सांगतात पुढच्या वळणावर. तीन वळणं झाली," यामिनीदी हसल्या; वहिनीला त्या बौदी म्हणत. "हेच तुमचं जलछत्र वाटतं!"

त्यांनी ते पाणी तोंडावर मारले आणि त्या पुढे गेल्या. चौथ्या वळणावर त्या पडल्या.

सोमवारी सकाळी मी खोलीत ठिबकू लागलो. तेव्हा मी बंद होतो.

दुरुस्तीसाठी रमेश आला. त्याने नळी फुंकली, जाळी धुतली, ट्रे कोरडा पुसला, शेवटी भिंतीतला खटकाही खाली ओढला. माझ्या अंगात विजेचा कण नव्हता. रमेश स्टुलावर बसून पाहत राहिला. थेंब येतच होते, एका लयीत.

"भाभीजी, मशीन बंद. पंखा बंद. नळ्या गरम," तो हळू आवाजात म्हणाला. "आजचे पैसे नकोत. पण मला पुन्हा बोलावू नका."

त्या दिवशी बादलीत अकरा लिटर भरले. मंगळवारी सव्वीस. बुधवारी मंजुषाताईंनी दुसरी बादली लावली आणि दार ओढून घेतले. मित्रांनो, मी खोडसाळपणा करत नव्हतो. वस्तूला जे नाव दिले जाते, ते काम ती करू पाहते. मला दुसरे काही ठाऊक नाही.

यामिनीदी सरकारी रुग्णालयात होत्या. उष्माघाताने त्यांची मूत्रपिंडे थांबली होती. त्यांची मुलगी नूपुर रोज भालचंद्रकाकांना फोन करी. ती त्यांना जेठू, म्हणजे थोरले काका, म्हणे. काका शेजारच्या खोलीत हिशेब लिहीत बसत; त्यांना कमी ऐकू येई, म्हणून ते फोन मोठ्या आवाजावर ठेवत आणि मलाही ऐकू येई. डॉक्टरांनी तिला पिशवीतल्या लघवीचे माप लिहून ठेवायला सांगितले होते.

"जेठू, आज शून्य," ती सोमवारी म्हणाली. मंगळवारीही शून्य. बुधवारी तिने विचारले, "जेठू, इथे लोक म्हणतात पाणी होतं, आईच प्यायली नाही. खरं?"

काकांनी फोन ठेवला.

गुरुवारी दुपारी वही निवडणूक खर्चाच्या निरीक्षकांना दाखवायची होती. बाहेर गर्दी होती, म्हणून बारा वाजता काका सहीसाठी माझ्याखालीच बसले. बादलीत थेंबांचा आवाज चालू होता.

"करा सही," गुरूदा म्हणाले. "निरीक्षकांनी विचारलंच तर सांगायचं, जलछत्र होतं. त्या बाईने दुर्लक्ष केलं."

"ती बाई? पंधरा वर्षं यामिनीदी होती ना रे?"

"काका, भावनेने निवडणूक जिंकत नाहीत."

काकांनी वर, माझ्या थेंबांकडे पाहिले. मग त्यांनी पट्टी घेतली, त्या ओळीवर सरळ रेघ मारली आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिले: 'जलछत्र नव्हते. उमेदवाराच्या शयनगृहातील एसी, दीड टन, नग एक.' खाली सही केली.

"अहो, माझी उमेदवारी जाईल!"

"जाईल, नाहीतर राहील. पण पाणी नव्हतं, गुरू."

बादलीतला आवाज थांबला. माझ्या कडेला आलेला थेंब तिथेच लटकून राहिला आणि हळूहळू वाळला.

मित्रांनो, आमची जाळी महिन्यातून एकदा धुवा, नळी मोकळी ठेवा, चार महिने वापरले नाहीत तर झाकून ठेवा. एवढी काळजी आम्हाला पुरते. फक्त आम्हाला आमच्याच नावाने लिहा. दुसऱ्याच्या नावाचे ओझे आम्हाला उतरवता येत नाही.

दोन वाजून गेले तरी गुरूदा वही हिसकावू पाहत होते, तेवढ्यात काकांचा फोन वाजला. नूपुरचा आवाज खोलीभर ऐकू आला. ती माप वाचून दाखवत होती.

"जेठू, आज दुपारी बारा ते दोन. एकशे चाळीस मिलिलिटर."