सोळा गुंजांचा आवाज

मित्रांनो, मी एक जुना सोन्याचा काटा आहे. नाव ऐकून हुरळून जाऊ नका. माझ्या अंगात सोनं नखभरसुद्धा नाही. मी पितळेचा आहे आणि सोनं तोलतो, म्हणून सोन्याचा काटा. वीतभर दांडी, रेशमी दोऱ्यांनी टांगलेली दोन पारडी आणि वर धरायला एक गोंडा, एवढाच माझा संसार.

कारंज्याच्या एका कारागिराने मला घडवलं. तो दांडी कानशीने घासायचा, उचलून पाहायचा आणि मान हलवून पुन्हा घासायला बसायचा. अकराव्या दिवशी त्याने माझ्या एका पारड्यात मोरपिसाचा एकच तंतू टाकला. पारडं खाली झुकलं, तेव्हा कुठे तो जेवायला उठला. अशा हातचा मी आहे आणि त्याचा मला अभिमान आहे.

पदमचंद शेठजींनी मला मानोऱ्याच्या आपल्या सराफी दुकानात आणलं, तेव्हा त्यांना नुकती मिसरूड फुटली होती. आज ते चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. त्या काळी जुनी माणसं ग्रॅमचं नाव घेत नसत. रानातली ती लाल बी, डोक्यावर काळा ठिपका असलेली, ती गुंज हेच त्यांचं वजन. आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा एक तोळा. बाजारात कुणाचा वाद झाला, की चार माणसं म्हणायची, "पदमचंदच्या काट्यावर टाका." मग वाद तिथेच मिटायचा. हे ऐकून मी फुगून जायचो, आणि तिथेच माझं चुकलं.

पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. जवळच्या तांड्यावरची मोतीबाई आपली नाकातली सोन्याची भुरिया मोडून नवी करायला आली. बाई मोठी पक्की. कनवटीच्या पिशवीत स्वतःच्या गुंजा घेऊनच आलेली. तिने घरी भुरिया दुसऱ्या काट्यावर तोलून पाहिली होती, आणि मी ती एक गुंज कमी दाखवली.

"शेठजी, तुमचा काटा खोटा हाये," ती भरल्या दुकानात म्हणाली.

शेठजी लाल झाले. "माहा काटा खोटा असूच शकत नाई," ते म्हणाले. मोतीबाईने भुरिया उचलली, पुन्हा नाकात घातली आणि ती निघून गेली. त्या दिवसापासून तिने या दुकानाची पायरी चढली नाही.

दिवेलागणीला शेठजींनी माझं पारडं उलटं करून पाहिलं. वजनाच्या पारड्याखाली लाखेचा एक कण चिकटला होता. एक गुंजभर. मोतीबाई खरी होती. शेठजींनी तो कण नखाने खरवडून काढला आणि मला डब्यात ठेवलं. ते तांड्यावर गेले नाहीत, कुणाजवळ बोललेही नाहीत. खरं सांगतो मित्रांनो, मलाही त्या दिवशी फार लाज वाटली.

पुढे शेठजींचा मुलगा जिनेश गल्ल्यावर बसू लागला. त्याने विजेवरचा काटा आणला. त्याच्यावर हिरवे आकडे उजळतात, गिऱ्हाइकाला ते आवडतात. मी मागच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात गेलो. वर्षातून एकदा, दिवाळीला, माझ्यावर हळदकुंकू वाहायचे आणि पुन्हा दार लावून घ्यायचे. पूजा होते पण काम मिळत नाही, हे दुःख ज्याचं त्यालाच ठाऊक.

मग गेल्या वर्षी खुशबूचं खूळ सुरू झालं. खुशबू ही जिनेशची मुलगी, मंगरूळपीरच्या कॉलेजात शिकवते. ती तांड्यांवर फिरून बायकांची गाणी लिहून घेते. एक दिवस ती घरी आली ती धापा टाकतच. मोतीबाईजवळ एक रेकॉर्ड होती! पन्नास वर्षांपूर्वी एका कंपनीच्या लोकांनी मोतीबाई आणि तिची थोरली बहीण गोमतीबाई या दोघींना नागपूरला नेऊन त्यांची होळीची लेंगी गाणी भरून घेतली होती. वर्षभराने एक ताटलीएवढी रेकॉर्ड तांड्यावर आली, पण ती वाजवायचं यंत्र तांड्यावर नव्हतं. मांडवात भोंगा लावणाऱ्याकडे होतं, पण तो सुई उडू नये म्हणून वरून रुपया चिकटवायचा आणि त्याच्या रेकॉर्डी नांगरल्यासारख्या व्हायच्या. मोतीबाईने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. तिने आपली रेकॉर्ड त्याला दिली नाही. कंपनी बुडाली, गोमतीबाई वारली आणि रेकॉर्ड पेटीतच राहिली.

"गानं तं मले आठवते पोरी," ती खुशबूला म्हणाली होती. "पन मधातच गोमती हसली होती. मीच तिले चिमटा काढला होता. कंपनीवाला लय चिडला. मंग ते हसू त्यायनं ठेवलं का कापलं, मले मालूम नाई. तेवढंच ऐकाचं हाये."

खुशबूकडे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र होतं, पण त्याची सुई झिजली होती. नवं कार्ट्रिज घ्यावं लागणार होतं. कार्ट्रिज म्हणजे यंत्राच्या दांडीच्या टोकाला बसवायची इवलीशी डबी. तिच्याखाली हिऱ्याच्या कणाची सुई असते आणि पोटात चुंबक. सुई रेकॉर्डच्या रेघेत थरथरते आणि त्या थरथरीचा आवाज होतो. त्या यंत्रालाही दांडी असते हे ऐकून मला उगाचच आपलेपणा वाटला.

जिनेश म्हणाला, "सगळ्यात महागाचं घे ना. एकच तं रेकॉर्ड हाये, कंजूसी कायले?"

"महागाची सुई लय बारीक टोकाची असते, पप्पा," खुशबू म्हणाली. "ती जराशी वाकडी बसली तं रेघ सोलते. या जुन्या रेकॉर्डीले साधी गोल टोकाचीच बरी. फक्त तिच्यावर दोन ग्रॅम भार पाह्यजे. जास्त झाला तं रेघ खरडते, अन् कमी झाला तं सुई उड्या मारते, ते आनखीच वाईट."

मी कपाटातून ऐकत होतो. पोरगी शहाणी आहे, असं मला वाटलं. सोन्याच्या काट्यावर कुणी तूर तोलत नाही. ज्याचं काम त्यानेच करावं.

डबी आली. बापलेकींनी मागच्या खोलीत पसारा मांडला. मित्रांनो, या कामाला सराफाच्या दुकानासारखी जागा नाही. जिनेशने डोळ्याला भिंग लावलं आणि दागिन्यांच्या चिमट्याने चार रंगांच्या चार तारा केसाएवढ्या खिळ्यांवर बसवल्या. खुशबूने कागदावर रेघा आखून डबी सरळ बसली की नाही ते पाहिलं. शेवटी विजेच्या काट्यावर सुई टेकवली आणि दांडीमागचं गोल वजन फिरवत फिरवत बरोबर दोन ग्रॅम जुळवले. हिरवे आकडे ऐटीत उजळले. मी दुसरीकडे पाहिलं.

रविवारी दुपारी मोतीबाई जीपने आली. आरशांच्या भरतकामाची चमचमणारी पिशवी तिने छातीशी धरली होती. पस्तीस वर्षांनी ती दुकानात शिरत होती. शेठजी खाटेवर उठून बसले.

खुशबूने आधी आपली स्वतःची एक साधी रेकॉर्ड लावून पाहिली, हे बरं केलं. सुई टेकली, दोन ओळी वाजल्या आणि करकर करत सुई एका उडीत चार रेघा ओलांडून गेली. पुन्हा टेकवली, पुन्हा तेच. खुशबूचा चेहरा उतरला. तिने पुन्हा विजेच्या काट्यावर पाहिलं. दोन ग्रॅम बरोबर होते.

मोतीबाईने पिशवी उचलली. "राहू दे माय. पन्नास वर्सं नाई ऐकली, आनखी नाई ऐकत. पन हे मोडली तं गोमती गेलीच समज."

तेव्हा शेठजी उठले. त्यांनी कपाट उघडलं आणि मला बाहेर काढलं. हल्ली शेठजींच्या हातातला चहा बशीत सांडतो. पण गोंडा चिमटीत धरताच त्यांचा हात स्थिर झाला. साठ वर्षांची सवय ती, वयाला जुमानत नाही.

मोतीबाईने मला ओळखलं. "हाच ना तो काटा?"

"हाच," शेठजी म्हणाले. मग खाली पाहत म्हणाले, "तवा तूच खरी होती, मोतीबाई. पारड्याखाली लाख चिकटली होती."

"मले मालूम हाये. तुमाले कधी समजलं?"

"त्याच संध्याकाळी."

"तांडा चार कोसावर हाये, शेठजी," मोतीबाई म्हणाली. "पस्तीस वर्सं लागली तुमाले यायले. अन् आला नाईच, मलेच या लागलं."

मोतीबाई पुढे झाली. तिने माझी दोन्ही पारडी उलटी केली, ओढणीच्या पदराने तळ पुसला आणि वर बोट फिरवून पाहिलं. मी श्वास रोखून होतो. मग तिने कनवटीची पिशवी काढली. गुंजा त्याच होत्या.

"दोन गिराम म्हनजे किती?"

"सोळा गुंजा, बाल बाल जास्त," शेठजी म्हणाले.

खुशबूने यंत्राची फिरती थाळी काढली. शेठजींनी मला असं धरलं की एक पारडं बरोबर रेकॉर्डच्या उंचीवर आलं. खुशबूने सुई दोन दोऱ्यांमधून हळूच पारड्यात टेकवली. मोतीबाई दुसऱ्या पारड्यात एकेक गुंज टाकत गेली. दहा, अकरा, बारा. बाराव्या गुंजेला माझी दांडी आडवी झाली.

"बाराच?" जिनेश म्हणाला. "मंग माहा काटा दोन ग्रॅम काहून दाखवून राह्यला?"

उत्तर त्यालाच सापडलं. त्याने डबीजवळ टाचणी नेली आणि ती टाचणी टचकन डबीला चिकटली. डबीच्या पोटात चुंबक आणि विजेच्या काट्याच्या पोटात लोखंड. ते लोखंड सुईला खाली ओढत होतं आणि नसलेला भार दाखवत होतं. माझ्या पारड्यात लोखंडाचा कणही नाही. पितळ चुंबकाच्या मोहाला भुलत नाही. त्या क्षणी माझी छाती किती फुगली म्हणून सांगू! पण लगेच मला लाखेचा तो कण आठवला आणि मी गुमान दांडी सरळ धरली.

मोतीबाईने आणखी चार गुंजा टाकल्या. खुशबूने मागचं वजन तसूतसूने फिरवलं आणि सोळाव्या गुंजेला दांडी समतल केली. साधी रेकॉर्ड एकदाही न अडखळता वाजली. तरीही मोतीबाईने ती शेवटपर्यंत ऐकली, मगच आपली पिशवी उघडली.

रेकॉर्ड पुसून लावली. थोडी खरखर झाली आणि मग दोन पोरींचे आवाज खोलीत आले. एक जाडसर, एक बारीक. मोतीबाई डोळे मिटून बसली. शेठजी अजून मला हातात धरून उभे होते, ठेवायचं त्यांना भानच नव्हतं. गाणं अर्ध्यावर आलं तशी मोतीबाईची दोन बोटं हळूच वर उचलली गेली.

"आता," ती म्हणाली आणि तिने हवेतच चिमटा काढला.

जाडसर आवाज ओळीच्या मध्येच फिसकला आणि गोमतीबाई खुदकन हसली. बारीक आवाज एकटाच पुढे गेला, तोही हसू दाबत दाबत, आणि दोन शब्दांनी थोरली पुन्हा येऊन मिळाली.

"ठेवलं त्यायनं," मोतीबाई म्हणाली. डोळे पुसायचं तिच्या लक्षात आलं नाही. "माय व, ठेवलं."

त्या दिवशी ते गाणं तीनदा वाजलं. जाताना मोतीबाईने सोळा गुंजा परत पिशवीत टाकल्या नाहीत. माझ्या डब्यात ओतल्या. "याच्यापाशीच राहू द्या," ती शेठजींना म्हणाली. "काटा खरा हाये."

मित्रांनो, पदमचंदच्या काट्यावर टाका, असं शंभर जणांनी म्हटलेलं मी ऐकलं आहे. पण माझा अभिमान आता त्या तीन शब्दांचा आहे, कारण ते मला खोटं म्हणणाऱ्या बाईने म्हटले आहेत. तुमच्या घरात एखादं जुनं हत्यार, जुनं यंत्र, जुनं माप असेल तर नुसती हळदकुंकू लावून त्याची पूजा करू नका. त्याला पुसा, वापरा, काम द्या. आणि कुणी तुम्हाला खोटं म्हटलं, तर रागावण्याआधी आपलं पारडं उलटं करून पाहा. खाली काही चिकटलेलं निघालंच, तर त्याच संध्याकाळी तांड्यावर जा. चार कोस काही लांब नसतात.