पोर्चचा डावा खांब

गुरुवारी सकाळी आमच्या पोर्चचा डावा खांब नव्हता. त्याच्या जागी आई उभी होती. वरचा स्लॅब तिच्या डोक्यावर नीट टेकला होता. मध्ये कागदही सरकला नसता.

"आधी गॅस बंद कर, दूध उतू जाईल," ती म्हणाली.

मी गॅस बंद करून आले.

खांब अप्पांच्या हौसेचे. अप्पा फलटणच्या कोर्टात बेलिफ होते. ज्या इमारतीत शिरताना माणूस आपोआप आवाज खाली करतो, तिला असे रोमन खांब असतात, हे त्यांनी नोकरीभर पाहिलं होतं. बंगला बांधताना त्यांनी बागवान मिस्त्रींकडून साच्यातले दोन खांब बसवून घेतले. खांब शोभेचे, आतून पोकळ. त्यांच्यावर अप्पांनी स्लॅब टाकला आणि स्लॅबवर पाण्याची टाकी. मी भौतिकशास्त्रात एमएस्सी केलं आहे. भाराचं गणित मांडून दाखवलं होतं. "सगळ्यांचे उभे आहेत की," अप्पा म्हणाले होते.

"दुखतंय का?" मी आईला विचारलं.

"दुखत नाही गं. नाकाला खाज सुटलीय. जरा खाजव. माझे हात जड झालेत."

तिचं नाक थंड होतं.

दुपारी बागवान मिस्त्री जॅक घेऊन आले. जॅकने स्लॅब दोन बोटं वर गेला. आईही दोन बोटं उंच झाली. मिस्त्रींनी जॅक उतरवला आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, हे जॅकचं काम नाही. वहिनींच्या मापाचं माणूस लागेल."

"मी उभा राहतो," अप्पा म्हणाले.

"तुम्ही उंच. खांबाला वाकून चालत नाही."

आई आणि मी एकाच उंचीच्या आहोत. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही.

"शलाकाचं नाव काढायचं नाही," आई माझ्याबद्दल म्हणाली. "सोमवारी तिला बंगळूरला संशोधनाला रुजू व्हायचंय."

शुक्रवारी शेजारच्या भोईटे काकू आल्या. त्यांनी फाटकाशीच चप्पल काढली. "काय शोभा आलीय घराला! अगदी म्युझियम," त्या कुजबुजल्या आणि आईच्या निऱ्यांवरून बोट फिरवू लागल्या.

"वहिनी, मी आहे अजून इथे. माझ्याशी बोला," आई म्हणाली.

"किती रेखीव कोरलंय," काकू अप्पांना म्हणाल्या.

त्या गेल्यावर मी बोटाच्या पेराने निऱ्या ठोकून पाहिल्या. गुडघ्यापर्यंत भरीव दगडाचा आवाज येत होता. कमरेशी बद्द. खांद्यावर अजून सुती कापड होतं.

शनिवारी दगड छातीपर्यंत आला. अप्पा पायरीवर बसून होते.

"सरला," त्यांनी हाक मारली.

"मोठ्यानं बोला. ऐकू येत नाही."

त्यांनी पुन्हा तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा ताणल्या. पोर्चमध्ये आता कोणालाच कुजबुजण्यापलीकडे आवाज काढता येत नव्हता. फक्त आईचा आवाज तेवढा नेहमीसारखा होता, आणि तोही मंदावत चालला होता.

रविवारी सकाळी दगड तिच्या हनुवटीला लागला. भार दोघींत वाटला तर ती निम्मी तरी परत येईल, असं माझं गणित होतं. मी चप्पल काढली आणि तिच्या शेजारी जाऊन ताठ उभी राहिले. स्लॅब केसांना लागला, मग टाळूला. त्याचं वजन मला अपेक्षेपेक्षा फारच कमी वाटलं.

आईच्या मानेवर रंग आला. तिने लांब श्वास घेतला आणि डोळे माझ्याकडे वळवले.

"शलाका, बाहेर हो."

"थोडा वेळच."

"बाहेर हो म्हणते ना!"

मी पाऊल उचलून पाहिलं. ते जड झालं होतं. फाटकाशी दोन अनोळखी माणसं थांबली होती, वर बघत. अप्पा पायरीवरून उठून उभे राहिले.

मला ढकलायला आईने दोन्ही खांदे पुढे घेतले. खांद्यांच्या पुढे हातच नव्हते. तिथे फक्त पांढऱ्या, स्वच्छ कडा होत्या, खडू मोडल्यावर दिसतात तशा.